पीएचडीनंतर पोस्टडॉक: खान्देशातल्या जीवशास्त्र आणि संगणकीय जीवशास्त्राच्या संशोधकांचे नेहमीचे प्रश्न

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात, तसंच धुळे, शिरपूर, अमळनेर, नंदुरबारच्या महाविद्यालयांत जीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, फार्मसी किंवा संगणकशास्त्रात पीएचडी करणारी मुलं-मुली मला सतत भेटतात. थेसिस लिहून होत आलेला असतो, आणि पुढे काय याचं उत्तर घरी, कॉलेजात, कधी कधी गाईडकडेही नसतं. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे घेतले आहेत. रकमा, वयोमर्यादा आणि तारखा बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची मूळ जाहिरात वाचायचीच.

पोस्टडॉक म्हणजे नेमकं काय? घरचे विचारतात, "आते आखो काय शिकानं शे?"

घरच्यांना सांगा की हे शिक्षण नाही, काम आहे आणि त्याचा पगार मिळतो. पीएचडी झालेला माणूस दुसऱ्या प्रयोगशाळेत दोन-तीन वर्षं कराराने संशोधन करतो, त्याला पोस्टडॉक म्हणतात. भारतात केंद्र सरकारच्या प्रकल्पांवर या माणसाला बहुधा रिसर्च असोसिएट म्हटलं जातं. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या जून २०२३च्या आदेशानुसार त्याचं मानधन दरमहा ५८,००० ते ६७,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता असं आहे. अमेरिकेत एनआयएचच्या, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, प्रशिक्षण फेलोशिपमध्ये पहिल्या वर्षाच्या पोस्टडॉकला २०२४ साली वर्षाला ६१,००८ डॉलर मिळत होते.

काम कायमचं नाही, हेही घरी स्पष्ट सांगून ठेवा. लग्नाच्या बोलणीत "मुलगा परमनंट आहे का?" हा प्रश्न येतोच. त्याचं खरं उत्तर "नाही, पण आयसरसारख्या केंद्रीय संशोधन संस्थांत किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळांत परमनंट जागा मिळवायची तर मार्ग इथूनच जातो" असं आहे.

फेलोशिप आणि पोझिशन यात फरक काय?

हा फरक समजला की निम्मा गोंधळ संपतो. पोझिशन म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखाकडे, आपल्या भाषेत पीआयकडे, प्रकल्पाचा पैसा आधीच आलेला असतो आणि तो माणूस शोधत असतो. प्रश्न त्याचा, पैसा त्याचा. काम करणारे हात आणि डोकं तुमचं. फेलोशिपमध्ये पैसा तुमच्या नावावर येतो. प्रस्ताव तुम्ही लिहिता, निवड समिती तुमचं नाव पाहते आणि पीआय यजमान असतो.

आपल्याकडची मुलं फेलोशिपची जाहिरात आली की धावतात आणि शेवटच्या आठवड्यात संमतिपत्रासाठी ओळख नसलेल्या शास्त्रज्ञाला मेल टाकतात. क्रम उलटा हवा. जवळपास प्रत्येक चांगल्या फेलोशिपला यजमान लागतो, आणि त्याच्याशी प्रस्तावावर दोन-तीन महिने बोलणं झालेलं असेल तरच प्रस्तावात जीव येतो. आधी माणूस आणि प्रश्न शोधा, पैशाचा मार्ग मग दोघांनी मिळून शोधा. या पानावरच्या बाकीच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हेच आहे.

शोध कधी सुरू करायचा?

थेसिस सादर करायच्या वर्षभर आधी, जमलं तर दीड वर्ष. आपल्याकडे थेसिस दिल्यावर व्हायवा आणि पदवीच्या नोटिफिकेशनपर्यंत काही महिने सहज जातात, आणि नंतर शोधायला सुरुवात केली की तो सगळा काळ बिनपगारी होतो. बऱ्याच भारतीय योजनांत थेसिस सादर केलेल्यांनाही अर्ज करता येतो. युरोपच्या मारी क्युरी फेलोशिपला मात्र अंतिम तारखेपर्यंत पीएचडी पूर्ण झालेली लागते. त्यामुळे नोटिफिकेशन आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेटसाठी विद्यापीठात वेळेवर पाठपुरावा करा. निवड होऊनही या एका कागदासाठी रुजू होण्याची तारीख पुढे गेलेली माणसं आहेत.

जाहिराती कुठे सापडतात?

भारतातल्या जीवशास्त्रासाठी इंडिया बायोसायन्सचं संकेतस्थळ रोज पाहावं. युरोपसाठी युरॅक्सेस, ब्रिटनसाठी जॉब्स डॉट एसी डॉट यूके, सगळीकडच्यांसाठी नेचर करिअर्स. संगणकीय जीवशास्त्रवाल्यांनी इंटरनॅशनल सोसायटी फॉर कॉम्प्युटेशनल बायोलॉजीचा नोकरी विभाग बघावा. उत्क्रांती, परिसंस्था किंवा लोकसंख्या-जनुकशास्त्रात काम असेल तर ईव्हॉलडिर या जुन्या मेलिंग यादीत नाव नोंदवा. दिसायला साधी आहे, पण त्या क्षेत्रातले पीआय अजून तिथे जाहिरात टाकतात.

याखेरीज ज्या दहा-पंधरा प्रयोगशाळांचे पेपर तुम्ही थेसिसमध्ये वारंवार उद्धृत केलेत, त्यांची स्वतःची पानं महिन्यातून एकदा उघडा. "जॉइन अस" असा भाग असतो. कितीतरी जागा तिथेच लागतात आणि तिथेच भरतात.

जाहिरात नसेल तरी मेल टाकायचा का? काय लिहायचं?

टाकायचा, न घाबरता. फक्त तो त्या एका माणसासाठी लिहिलेला असला पाहिजे. "रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युअर एस्टीम्ड लॅब" असे मेल पीआयला रोज येतात. तोच मजकूर शंभर जणांना गेलाय हे पहिल्या ओळीतच कळतं आणि तो उघडलाही जात नाही.

मेल इंग्रजीत, पण आशय कसा असावा ते मराठीत सांगतो. समजा तुमची पीएचडी केळीवरच्या विषाणूवर आहे. सुरुवात अशी करता येईल: "तुमच्या पेपरात संसर्ग झालेल्या पानात संरक्षणाच्या जनुकांचा एक गट दबलेला दिसतो. ग्रँड नैन जातीच्या माझ्या नमुन्यांत तोच गट लक्षणं दिसण्याच्या आधीच दबलेला मिळाला. हा दबाव विषाणूच्या कोणत्या प्रथिनामुळे येतो, हे तुमच्याकडच्या पद्धतीने तपासता येईल असं मला वाटतं." झालं. तीन वाक्यांत त्यांना कळलं की तुम्ही त्यांचा पेपर वाचलाय, तुमच्याकडे स्वतःचा निष्कर्ष आहे आणि तुम्हाला प्रश्न विचारता येतो.

त्यानंतर एका परिच्छेदात तुम्हाला काय येतं ते लिहा, पुराव्यासकट. "आर आणि पायथन येतं" याला वजन नाही. "थेसिसमधलं आरएनए सिक्वेन्सिंगचं विश्लेषण मी स्वतः लिहिलं, कोड गिटहबवर आहे" याला आहे. शेवटी पैशाबद्दल सरळ बोला: तुमच्याकडे जागा आहे का, आणि नसेल तर अमुक फेलोशिपसाठी मिळून अर्ज करू या का. हा दुसरा प्रश्न तुमच्या बाजूने फार बोलतो, कारण पैशाचा विचार तुम्ही आधीच केलाय हे दिसतं. पुढचं दार उघडतं ते बहुतेक वेळा याच वाक्याने.

सोबत दोन पानांचा सीव्ही, पीडीएफमध्ये. जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, "वरील माहिती खरी आहे" अशी सही, हे आपल्या बायोडेटातलं काहीच नको. दोन आठवडे उत्तर आलं नाही तर एकदा नम्र आठवण द्या. तरीही नाही आलं तर पुढच्या नावाकडे वळा. उत्तर न येणं म्हणजे तुमच्या कामावरचा निकाल नव्हे. पीआयच्या डब्यात मेलांचा ढीग असतो.

भारतात कोणत्या फेलोशिप बघायच्या?

सर्वांत परिचित आहे ती राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, एनपीडीएफ. आधी ती एसईआरबी, म्हणजे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ, देत असे. २०२३च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन उभं राहिलं आणि आता ती त्याच्याकडे आहे. मुदत दोन वर्षं, वयोमर्यादा ३५. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना पाच वर्षांची सवलत. फेलोशिपबरोबर संशोधनाचा थोडा स्वतंत्र खर्चही मिळतो. विषयाचं बंधन नाही, म्हणून संगणकशास्त्रवाल्यांनाही ती तितकीच खुली आहे.

जैवतंत्रज्ञान विभागाची डीबीटी-आरए योजना बंगळूरुच्या आयआयएससीमार्फत चालते. तिची वयोमर्यादा ४०, महिलांना ४५. नोकरी करत उशिरा पीएचडी झालेल्यांना ती जवळची वाटेल, आणि आपल्याकडे असे लोक खूप आहेत. त्याच विभागाची एम. के. भान यंग रिसर्चर फेलोशिप वेगळ्या प्रकारची आहे: तीन वर्षं, स्वतंत्र संशोधन, आणि विभागाच्या स्वतःच्या संस्थांतच, म्हणजे पुण्याचं एनसीसीएस, हैदराबादचं सीडीएफडी अशा ठिकाणी. ज्यांच्या डोक्यात स्वतःचा पक्का प्रश्न आहे त्यांनीच तिच्या मागे लागावं.

सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद, रिसर्च असोसिएटशिप देते. पुण्याचं एनसीएल, हैदराबादचं सीसीएमबी, दिल्लीचं आयजीआयबी या तिच्या संस्था. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पोस्टडॉक फेलोशिप तिच्याच संस्थांत करावी लागते. आपल्याला त्यात विषाणूंवर काम करणारी पुण्याची एनआयव्ही आणि मुंबईची एनआयआयएच, म्हणजे रक्तविकारांवर काम करणारी संस्था, या दोन जवळच्या. वैद्यकीय किंवा जैववैद्यकीय प्रश्न असेल तर डीबीटी आणि वेलकम ट्रस्टच्या इंडिया अलायन्सची अर्ली करिअर फेलोशिप पाहा. ती पाच वर्षांची आहे, स्पर्धा तीव्र आहे आणि मुलाखत कसून होते.

आणि परदेशात?

मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप युरोपातली सर्वांत मोठी. कोणत्याही देशाचा नागरिक अर्ज करू शकतो, पण पीएचडीनंतर आठ वर्षांच्या आत. आईपणाची रजा किंवा संशोधनाबाहेर गेलेला काळ यातून वजा होतो. ज्या देशात जायचं तिथे आधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. अंतिम तारीख सहसा सप्टेंबरमध्ये, ब्रसेल्सच्या संध्याकाळच्या पाचला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेआठ. त्या दिवसापर्यंत वाट पाहू नका, दोन दिवस आधी अर्ज भरून मोकळे व्हा.

एम्बो या युरोपातल्या रेण्वीय जीवशास्त्राच्या संघटनेच्या फेलोशिपसाठी पीएचडीनंतर दोनच वर्षं मिळतात आणि पहिल्या लेखकाचा किमान एक पेपर लागतो. भारत २०१६ पासून एम्बोच्या व्यवस्थेत सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे आपल्याला हे दार खुलं आहे. जर्मनीची हुम्बोल्ट फेलोशिप पीएचडीनंतर चार वर्षांपर्यंत, ६ ते २४ महिन्यांसाठी. जपानच्या जेएसपीएसमध्ये अर्ज यजमान प्राध्यापक आपल्या संस्थेमार्फत करतो. तिथे यजमानाशी नातं आधी जुळणं किती महत्त्वाचं, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू पोस्टडॉक्टरल रिसर्च फेलोशिप आहे, ८ ते २४ महिन्यांची, पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत. तिच्यावर जे-१ व्हिसा मिळतो आणि काम संपल्यावर दोन वर्षं भारतात राहण्याची अट लागू होते. तिथेच पुढे राहायचा विचार असेल तर ही अट आधी नीट वाचा.

ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम तीन वर्षांची फेलोशिप देतो. तिचा दुसरा प्रकार खास आहे: भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र, अभियांत्रिकी यांत पीएचडी करून जीवशास्त्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी. याची माहिती आपल्याकडे फारच कमी जणांना असते, म्हणून मुद्दाम लिहितोय.

अमेरिकेच्या एनएसएफची पोस्टडॉक फेलोशिप दिसली, अर्ज करू का?

जीवशास्त्रातली एनएसएफ (नॅशनल सायन्स फाउंडेशन) पोस्टडॉक फेलोशिप आणि एनआयएचची एफ-३२ फेलोशिप या तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम निवासींसाठी आहेत. आपल्याला चालत नाहीत. तिथे पोस्टडॉक करत असताना एनआयएचच्या के-९९ अनुदानासाठी मात्र परदेशी नागरिकालाही अर्ज करता येतो.

मी वनस्पतिशास्त्राची, कोडिंग येत नाही. संगणकीय कामाकडे वळता येईल का?

येईल, आणि तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी नुसत्या कोडिंगवाल्याकडे नसते: नमुना खराब झाला की आकडे कसे खोटं बोलतात, हे तुम्हाला माहीत आहे. ते बळ जपा.

सुरुवात आर भाषेपासून करा. जीवशास्त्राच्या माहितीसाठी तिच्यावर बायोकंडक्टर हा मोठा मोफत संग्रह आहे, २००१ पासून वाढत आलेला. नंतर लिनक्सच्या आज्ञा, मग पायथन. एनपीटीईएलवर भारतातल्या प्राध्यापकांचे अभ्यासक्रम आहेत. युरोपियन बायोइन्फर्मॅटिक्स इन्स्टिट्यूटचे ऑनलाइन धडे मोफत आहेत आणि फार नेटके आहेत. पण निव्वळ प्रमाणपत्रं गोळा करण्यात वर्ष घालवू नका. तुमच्या वनस्पतीवरचा एखादा जुना, सार्वजनिक झालेला डेटा अमेरिकेतल्या एनसीबीआय या जैविक माहिती केंद्राच्या जीईओ किंवा एसआरए भांडारातून उतरवा आणि त्या पेपरमधलं एक चित्र स्वतः पुन्हा काढून दाखवा. ते जमलं, कोड गिटहबवर चढला, की पीआयला दाखवायला हातात काहीतरी असतं.

मी संगणकशास्त्राचा, जीवशास्त्र बारावीलाच सुटलं. मला कोण घेणार?

पुष्कळ जण घेतील. २०२४चं रसायनशास्त्राचं नोबेल डेव्हिड बेकर, डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना प्रथिनांच्या रचनेवरच्या संगणकीय कामासाठी मिळालं, आणि हसाबिस मुळात संगणकशास्त्र आणि मेंदूविज्ञान शिकलेले. जीवशास्त्राचे पीआय मॉडेल लिहू शकणारे लोक शोधत असतात. तुमची कसोटी एवढीच की तुम्ही त्यांचा प्रश्न ऐकून घेता की आपलं अल्गोरिदम कुठे चिकटवता येईल ते पाहता. एक जीवशास्त्रीय प्रश्न निवडा, त्यावरचे वीस पेपर मन लावून वाचा, मग मेल लिहा. चेन्नईची आयएमएससी, बंगळूरुची एनसीबीएस, आयआयआयटी दिल्ली, पुण्याचं आयसर आणि सी-डॅक इथे अशी मिश्र कामं चालतात.

घरी साधा लॅपटॉप आहे आणि वीज जाते. संगणकीय काम कसं करू?

मोठं गणित लॅपटॉपवर करायचंच नसतं. गॅलक्सी या मोफत सेवेवर ब्राउझरमधूनच जनुकीय विश्लेषण चालतं. काम त्यांच्या सर्व्हरवर होतं, तुमचा लॅपटॉप बंद झाला तरी थांबत नाही. राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनची यंत्रंही देशातल्या संस्थांत आहेत, पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्मा आहे. तिथल्या एखाद्या शास्त्रज्ञासोबत छोटं सहकार्य केलं तर तो मार्ग उघडतो.

पेपर वाचायला मिळत नाहीत ही जुनी अडचण जानेवारी २०२५ पासून बरीच कमी झाली आहे. "वन नेशन वन सबस्क्रिप्शन" योजनेत सरकारी विद्यापीठं आणि संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली. तुमच्या ग्रंथपालांकडे लॉगिन मागा. मागितल्याशिवाय ते कुणी देत नाही.

माझे पेपर यूजीसीच्या केअर यादीतल्या जर्नलमध्ये आहेत. चालतील का?

विद्यापीठाच्या नियमासाठी ते चालले असतील, पण बाहेरचा पीआय जर्नलचं नाव ओळखतो का आणि पेपरमधलं काम कसं आहे, ते पाहतो. यूजीसीने ती यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. थेसिसमधला सर्वांत भक्कम भाग निवडा, पहिल्या लेखकाचा एक चांगला पेपर करा आणि छापून यायला वेळ लागत असेल तर बायोआर्काइव्ह या संकेतस्थळावर प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षण होण्याआधीची प्रत, टाका. प्रीप्रिंट टाकला की "काम तयार आहे" हे आजच दाखवता येतं. पैसे घेऊन चार दिवसांत छापणाऱ्या जर्नलचे सहा पेपर सीव्हीवर असण्यापेक्षा असा एक असणं कितीतरी बरं. हे कठोर वाटेल, पण निवड समितीत बसणारे लोक ती नावं ओळखतात.

विद्यापीठाचं नाव मोठं नाही, म्हणून मागे पडू का?

पहिल्या चाळणीत थोडा फरक पडतो, नाकारण्यात अर्थ नाही. तो भरून निघतो दोन गोष्टींनी: उघडून पाहता येईल असं काम, आणि तुमच्या विद्यापीठाबाहेरच्या एका शास्त्रज्ञाचं शिफारसपत्र. पीएचडीच्या काळातच पुणे, मुंबई किंवा हैदराबादच्या एखाद्या प्रयोगशाळेत महिना-दोन महिने काम करून या. भुसावळहून गाडी पकडली की यातलं काहीच फार दूर नाही.

आपल्या भागातलाच प्रश्न पोस्टडॉकला घेता येतो का?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा, म्हणून जरा लांब लिहितो. येतो, आणि घ्यावा. फक्त "माझ्या भागातली समस्या" म्हणून न मांडता जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला रस वाटेल असा प्रश्न म्हणून मांडावा.

केळी घ्या. रावेर, यावलच्या शेतकऱ्याला हरण्या रोग, म्हणजे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक विषाणू), चांगला माहीत आहे. मावा तो पसरवतो आणि बागेच्या बागा उपटाव्या लागतात. ग्रँड नैनची बहुतेक झाडं टिश्यू कल्चरची, म्हणजे जनुकीयदृष्ट्या जवळजवळ एकच. त्यातून प्रश्न उभा राहतो: जनुकं सारखी असताना एक झाड लवकर का आजारी पडतं आणि शेजारचं उशिरा का? हा प्रश्न पर्यावरण, एपिजेनेटिक्स (जनुकाचा क्रम न बदलता त्याचं काम कसं बदलतं याचा अभ्यास) आणि रोगप्रतिकार यांच्या सीमेवरचा आहे. केळीचा जनुकसंच २०१२ मध्ये प्रसिद्ध झालाय आणि सार्वजनिक आहे. जळगावचं केळी संशोधन केंद्र आणि तिरुचिरापल्लीचं राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र, दोन्हीकडे अनुभवी माणसं आहेत.

सिकलसेल घ्या. नंदुरबारच्या भिल्ल, पावरा कुटुंबांत हा आजार घराघरात ओळखीचा आहे. हिमोग्लोबिन घडवणाऱ्या बीटा ग्लोबिन जनुकात एकच बदल, ग्लुटामिक अॅसिडच्या जागी व्हॅलिन. पण एका रुग्णाला महिन्याला वेदनेचा झटका येतो आणि दुसऱ्याला वर्षानुवर्षं येत नाही. भारतातल्या रुग्णांत अरब-इंडियन हॅप्लोटाइप, म्हणजे या जनुकाभोवतीच्या बदलांचा एकत्र वारशाने येणारा ठरावीक संच, आढळतो आणि त्यांच्यात गर्भातल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण बऱ्याचदा जास्त असतं. ते कमी-जास्त कशाने होतं, बीसीएल-११-ए सारख्या जनुकांचा त्यात किती वाटा, हे जगभरातले शास्त्रज्ञ शोधत आहेत. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, २०४७ हे तिचं लक्ष्य वर्ष आहे. या कामाला येती वीस वर्षं माणसं लागणार आहेत, आणि ज्याला पावरी किंवा भिल्लोरी कळते त्याने हे काम घेतलं तर रुग्ण त्याच्याशी मोकळं बोलतील.

याबरोबर जबाबदारीही येते. माणसांचे नमुने घ्यायचे तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि माणसाला समजेल अशा भाषेत संमती हवी. जैविक नमुने परदेशी सहकार्यात पाठवायचे तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची परवानगी लागते. वनस्पतींचं साहित्य बाहेर न्यायचं तर २००२च्या जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. प्रस्तावात या परवानग्यांसाठी वेळ दाखवा. तो दाखवला नाही तर परीक्षकाला वाटतं की तुम्ही प्रत्यक्ष काम केलेलं नाही.

अनुसूचित जमातीच्या उमेदवारांसाठी परदेशी पोस्टडॉकची वेगळी योजना आहे का?

आहे, आणि नंदुरबार, साक्री, शिरपूर, चोपडा, यावलच्या आदिवासी भागातल्या मुलांपर्यंत ती पोचतच नाही. केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयाची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीबरोबर पोस्टडॉक्टरल संशोधनालाही मिळते. दरवर्षी एकूण २० जागा, त्यातल्या ३ विशेष दुर्बल आदिवासी गटांसाठी. कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे. जात पडताळणीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा, कारण तहसील आणि पडताळणी समितीचा वेळ जाहिरातीच्या मुदतीत बसत नाही. राज्याची राजर्षी शाहू परदेशी शिष्यवृत्ती मात्र अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी असते, पोस्टडॉकला नाही.

लग्न, बाळंतपण यांत चार वर्षं गेली. आता परत येता येईल का?

येता येईल. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण कार्यक्रमात महिलांसाठी पोस्टडॉक फेलोशिप आहे, जैवतंत्रज्ञान विभागाची बायोकेअर योजना आहे. सीव्हीमध्ये खंड लपवू नका. एका ओळीत लिहा आणि पुढे चला. संगणकीय काम परतण्यासाठी त्यातल्या त्यात सोयीचं, कारण जुन्या सार्वजनिक डेटावर घरून पहिला पेपर करता येतो. सासरच्यांनी मुलाला सांभाळावं, ही अपेक्षा स्पष्ट बोलून ठेवा. ती मागणी वाजवी आहे.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. ते सोडून पोस्टडॉक करू का?

पैशाच्या हिशेबात तर बहुतेकदा पोस्टडॉकच पुढे असतो. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकाच्या निवडीसाठी अध्यापन किंवा पोस्टडॉकच्या प्रत्येक वर्षाला दोन गुण धरले आहेत, जास्तीत जास्त दहा. म्हणजे पोस्टडॉक केल्याने शिकवण्याची वर्षं वाया गेली असं होत नाही. पण ज्या कॉलेजात जागा निघायची वाट पाहताय तिथून नजरेआड होण्याची भीती असते, ती मी समजू शकतो. माझं मत असं: जागा निघेल या आशेवर पस्तिशी ओलांडू नका, कारण एनपीडीएफचं दार खुल्या गटातल्या मुलांना त्याच वयात बंद होतं.

शिफारसपत्राला गाईड म्हणतात, "तूच लिहून आण, मी सही करतो." काय करू?

गाईडना एक पान द्या: तुम्ही कोणता प्रयोग एकट्याने उभा केला, कुठे अडलात आणि कसे सुटलात, कुणाला शिकवलं. त्यावरून पत्र त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहावं आणि संस्थेच्या अधिकृत मेलवरून पाठवावं अशी विनंती करा. तीन पत्रं एकाच लेखणीची दिसली तर समितीच्या लक्षात येतं. पत्र देणाऱ्याला अंतिम तारखेच्या महिनाभर आधी कळवा आणि आठवडाभर आधी आठवण द्या.

मुलाखत कशी असते?

ऑनलाइन, सहसा पंधरा-वीस मिनिटांचं सादरीकरण आणि मग प्रश्न. सगळा थेसिस दाखवू नका. एक प्रश्न, एक निष्कर्ष, पुढे काय, एवढं पुरे. "हा प्रयोग फसला असता तर काय केलं असतं?" हे हमखास विचारतात. इंग्रजी अडखळली तर चालते, विचार अडखळायला नको. विजेचा भरवसा नसेल तर विद्यापीठात किंवा मित्राच्या घरी बसा, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. शेवटी तुम्हीही विचारा: आधीचे पोस्टडॉक आता कुठे आहेत, पेपरवर नाव कसं लागतं. आणि त्या प्रयोगशाळेतल्या एका सध्याच्या माणसाशी स्वतंत्र बोला; पीआय कसा आहे हे पेपरवरून कळत नाही.

एकाने "प्रोसेसिंग फी भरा, पोस्टडॉक पक्कं" असं सांगितलं. खरं आहे का?

नाही. पोस्टडॉकसाठी कुठलीही प्रयोगशाळा पैसे घेत नाही, देते. व्हिसाचं सरकारी शुल्क तुम्ही थेट दूतावासाच्या व्यवस्थेत भरता, कुणा एजंटाच्या खात्यात नाही. ऑफर लेटर आलं तर विद्यापीठाच्या अधिकृत पानावरून पीआयचा मेल शोधा आणि त्यावर विचारून खात्री करा.

अर्ज नाकारला गेला. पुन्हा तोच देऊ का?

परीक्षकांचे शेरे मिळाले असतील तर दोन दिवस बाजूला ठेवा, मग गाईड किंवा यजमानासोबत ओळीओळीने वाचा. "प्रश्न अस्पष्ट" असा शेरा असेल तर भाषा सुधारून भागत नाही, प्रश्नच पुन्हा घडवावा लागतो. "यजमानाशी जुळणी कमी" असेल तर कदाचित यजमान बदलावा लागेल. मारी क्युरीमध्ये ठराविक गुणांखाली राहिलेला प्रस्ताव त्याच संस्थेसोबत लगेच पुढच्या वर्षी देता येत नाही, ते नियमात तपासा. दरम्यान तोच प्रस्ताव थोडा आखडून एनपीडीएफ किंवा डीबीटी-आरएला देता येतो, आणि यजमानाकडे प्रकल्पाचा पैसा असेल तर सहा महिन्यांची रिसर्च असोसिएटची जागा मागायला संकोच करू नका. तिथे बसून दुसरा अर्ज लिहिणं घरी बसून लिहिण्यापेक्षा सोपं जातं.